पेन्सिल नंतर, आधी बोटं : ३ ते ५ वर्षांच्या मुलांना घरी काय काय करायला द्यायचं

मूल तीन वर्षांचं झालं रे झालं की हातात पेन्सिल देऊन अ आ इ गिरवून घ्यायची घाई सुरू होते, त्यात शेजारच्यांची मुलगी एबीसीडी लिहायला लागली की आपल्याला अजूनच टेन्शन. पण त्या बोटांत अजून तेवढा जोरच नसतो हो, म्हणून तर मुठीत पेन्सिल धरतात आणि दोन ओळींत कंटाळतात. आधी हात तयार होऊ दे. त्यासाठी महागडे लाकडी सेट मागवायची अजिबात गरज नाही, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या त्या बिया, पानं, शंखशिंपले असं आजूबाजूला मिळेल तेच घेऊन.

सगळ्यात सोपं म्हणजे सोलायला द्या. मटार, भुईमुगाच्या ओल्या शेंगा, उकडलेला बटाटा गार करून. शेंग फोडताना अंगठा आणि पहिलं बोट जसं दाबावं लागतं तीच पुढे पेन्सिलची पकड. अर्धे मटार पोटात जाणार, जाऊ देत, चार वर्षांच्या पुढच्यांना चालतं, पण त्याहून लहान असेल तर दाणे तोंडात टाकू देऊ नका, घशात अडकतात.

मग कडधान्यं निवडणं, हा माझा सगळ्यात आवडता प्रकार. राजमा आणि काबुली चणे पाव पाव वाटी एकत्र करायचे आणि समोर इडलीपात्राची एक ताटली ठेवायची, या खळग्यात राजमा त्या खळग्यात चणे. जमलं की तिसरं घाला, पावटे वगैरे. बोटांनी सहज जमायला लागलं की छोटा चिमटा द्या, मग बघा कशी जीभ बाहेर काढून तल्लीन होतात. चुकीच्या जागी ठेवलं तर लगेच हात धरून दुरुस्त करू नका, "हे इथे का ठेवलंस?" एवढंच विचारा, कधी कधी ते रंगावर नाही तर लहानमोठं बघून लावत असतात आणि ते त्यांच्या हिशोबाने बरोबरच असतं.

पण समोर बसूनच करायचं हां. चणा नाकात घातला तर ओलाव्याने फुगतो, आणि तसं झालं तर पिन-बिन घालून काढायला जाऊ नका, सरळ डॉक्टर. कच्चा राजमा पोटालाही वाईट. तीनच्या आतल्या मुलांना कडधान्यं नकोच, त्यांना लिंबं, कांदे, बटाटे वेगळे करायला द्या.

पाण्याचे खेळ बाथरूममध्येच. एका ग्लासातून दुसऱ्यात ओतणं, ओला स्पंज या वाटीत भिजवून त्या वाटीत पिळणं. किंवा बादलीत वस्तू टाकायच्या, टाकायच्या आधी "तरंगेल की बुडेल?" विचारायचं. भलंमोठं सफरचंद तरंगतं आणि एवढंसं खोडरबर बुडतं, स्टीलची वाटी अलगद ठेवली तर तरंगते पण पाणी भरलं की खाली, यावर मुलं अर्धा तास सहज काढतात. बादलीजवळ मिनिटभरही एकटं सोडायचं नाही आणि झालं की बादली रिकामी करायची.

बांगड्या (काचेच्या नको) लाटण्यात ओवायला द्या, मोठी ते लहान लावायला द्या. ताटात रवा पसरून बोटाने उभी रेघ, आडवी रेघ, गोल, ताट हलवलं की सगळं पुसलं. रांगोळी घेऊ नका, बारीक असते, डोळ्यात जाते. अक्षरं इथूनच सुरू करा पाहिजे तर.

आणि एक जादू : हळदीचं पाणी कापसाने कागदावर फासा, वाळलं की खायच्या सोड्याच्या पाण्यात बोट बुडवून त्यावर चित्र काढू द्या, लालसर होतं, वर लिंबू पिळलं की परत पिवळं. कपडे मात्र जुने घाला.

एका वेळी एकच काहीतरी काढा, सगळं एकदम पसरलं की कशातच लक्ष लागत नाही. दहा-पंधरा मिनिटं पुरे, उठून गेलं तर जाऊ द्या. पसारा त्यांच्यासोबतच आवरा. कडधान्यं डब्यात भरून ठेवली की पुढच्या वेळी तीच चालतात, फक्त त्याची उसळ करू नका, त्याला काय काय लागलेलं असतं ते तुम्हाला माहितीच आहे.