पाहुण्यांना स्टॉकहोम कसं दाखवावं: आधी वासा, मग बाकीचं

स्टॉकहोमच्या किस्ता या उपनगरात राहायला येऊन मला नऊ वर्षं झाली. दर उन्हाळ्यात घरी कोणी ना कोणी असतंच. एका वर्षी आई-बाबा, पुढच्या वर्षी सासू-सासरे, मग नणंद आणि तिची मुलं, शिवाय नवऱ्याचे पुण्याचे मित्र. पहिल्याच सफरीत बुडालेलं वासा हे जुनं युद्धजहाज वर काढून जिथे ठेवलंय, त्या वासा म्युझियममध्ये मी आजवर एकोणीस वेळा गेले आहे आणि त्यातल्या पहिल्या तीन वेळा माती खाल्ली आहे. तेव्हा ‘एका दिवसात स्टॉकहोमची १२ ठिकाणं’ असली यादी कोणी पाठवली की मला राग येतो. ती लिहिणाऱ्यानं गुडघे दुखणाऱ्या माणसाचा हात धरून हे शहर कधी पाहिलेलं नसतं.

स्टॉकहोम १४ बेटांवर वसलंय. नकाशात बोटभर दिसणारं अंतर चालायला लागलं की त्यात एक पूल, एक चढ आणि पाण्याला घातलेला एक वळसा निघतो. म्हणून आमच्या घरचा नियम असा, की एका दिवसाला एकच बेट. दोन दिवस असतील तर दोन बेटं पाहा आणि तिसऱ्याचा मोह सोडा.

पायरी १: येण्याआधी

व्हिसा, स्वेटर, मेथीचे ठेपले हे तुम्ही बघालच. नोटा बदलून आणू नका, इथे बरीच दुकानं रोख घेतच नाहीत. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम आहे. जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातल्या मिडसमरच्या, म्हणजे इथल्या मोठ्या उन्हाळी सणाच्या, शुक्रवारी फिरायचा बेत आखू नका, त्या दिवशी शहर ओस पडलेलं असतं. राष्ट्रीय कलासंग्रहालय आणि मॉडर्न आर्टचं म्युझियम सोमवारी बंद असतात.

पायरी २: विमानतळ ते शहर

आर्लांडा एक्स्प्रेस १८ मिनिटांत पोचवते आणि तेवढ्याच झटक्यात खिसाही हलका करते. सामान कमी असेल तर ५८३ नंबरची बस पकडून मॅर्स्ताला जा आणि तिथून लोकल घ्या. शहरातलं साधं तिकीट या प्रवासाला चालतं. तीच लोकल थेट विमानतळाखालच्या स्टेशनातून धरलीत तर वेगळा जादा आकार पडतो, म्हणून हा मॅर्स्ताचा द्राविडी प्राणायाम. चार मोठ्या बॅगा असतील तर मात्र काटकसर विसरा.

पायरी ३: तिकीट

एकेरी तिकीट ७५ मिनिटं चालतं आणि तेवढ्या वेळात मेट्रो, बस, ट्राम काहीही बदलता येतं. दिवसभर भटकायचं तर २४ किंवा ७२ तासांचा पास घ्या. ज्येष्ठांना सवलत असते, ती अ‍ॅपमधून तिकीट घेतानाच निवडा. याच पासात यूरगोर्डेन या बेटावर जाणारी फेरीबोटही येते. हे धक्क्यावर तुम्हाला कोणी आपणहून सांगणार नाही, कारण शेजारीच पर्यटकांच्या बोटींची तिकिटं विकली जात असतात. पहिल्या वर्षी मी तसली चार तिकिटं घेतली आणि वर तासभर रांगेत उभी राहिले. आमच्या खिशातल्या पासावर चालणारी बोट तोवर समोरून तीन वेळा ये-जा करून गेली.

पायरी ४: यूरगोर्डेनचा दिवस

बेटाचं नाव स्वीडिशमध्ये डी आणि जे लावून लिहितात, पण म्हणताना सुरुवात ‘यू’नं करतात. ‘जुरगार्डन कुठे आहे’ असं विचारलंत तर लोक हसून तुमच्या हातातल्या नकाशाकडेच बघतील.

सगळा घोळ होतो तो इथे. एकाच बेटावर वासा, स्कान्सेन हे उघड्यावरचं म्युझियम, आबा (ABBA) या पॉप बँडचं म्युझियम, नॉर्डिक म्युझियम आणि ग्रोना लुंडचे पाळणे असे खेटून उभे आहेत. साहजिकच प्रत्येकाला वाटतं, आलोच आहोत तर सगळं उरकून टाकू. मीही तेच केलं होतं. आई-बाबांना सकाळी आधी स्कान्सेनला नेलं. ते टेकडीवर आहे. वर चढलो, लाकडी घरं पाहिली, मूस हे थोरलं हरीण पाहिलं, अस्वल झोपलेलं पाहिलं आणि एक वाजता खाली उतरून वासाच्या रांगेत लागलो. क्रूझचे तांडे नेमके त्याच वेळी येतात. आत शिरलो तेव्हा बाबांचे पाय गेले होते. अंधारात ते अजस्र जहाज त्यांनी दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, “होडी छान आहे. चहा कुठे मिळेल?”

दोष बाबांचा नव्हता. गोष्ट माहीत नसेल तर वासा म्हणजे नुसतं मोठं काळं लाकूड आहे. तेव्हापासून माझी ठरलेली पद्धत अशी.

वासा सकाळी, उघडल्या उघडल्या. जून ते ऑगस्टमध्ये साडेआठला उघडतं, बाकीच्या महिन्यांत दहाला. स्लुसेनच्या धक्क्यावरून ८२ नंबरची फेरी घ्या. दहा-एक मिनिटांत ती ग्रोना लुंडच्या बाजूला उतरवते, तिथून तेवढंच चालणं. सकाळी थेट वासाच्या जवळ उतरायचं असेल तर ७ नंबरची ट्राम आहे, पण पहिल्यांदा येणाऱ्याला पाण्यातूनच न्या. जुन्या शहराचे मनोरे मागे सरकताना दिसतात, आणि वासा ज्या पाण्यात बुडालं ते पाणीही डोळ्यांसमोर राहतं.

दुसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आत जाण्याआधी बाहेरच्या बाकावर बसा आणि गोष्ट सांगा. आत अंधार असतो, पाट्या स्वीडिश-इंग्रजीत असतात, चष्मा पर्समध्ये तळाशी गेलेला असतो. आत गेल्यावर कोणीही काहीही वाचत नाही. मी सांगते ती गोष्ट पाच मिनिटांची आहे.

१० ऑगस्ट १६२८. राजा गुस्ताव दुसरा आदोल्फ पोलंडशी लढण्यात गुंतलेला, तिकडून त्याची पत्रांवर पत्रं, जहाज कधी निघतंय? दोन मजली तोफखाना, ६४ तोफा, सगळं वजन वर आणि बूड अपुरं. निघण्याआधी चाचणी म्हणून ३० खलाशांना डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत पळवलं. जहाज इतकं डुलायला लागलं की चाचणीच थांबवली. तरीही ते निघालंच. किनाऱ्यावर माणसांची झुंबड, सलामी देण्यासाठी तोफांचे झरोके उघडे. जेमतेम १,३०० मीटर गेलं असेल, वाऱ्याचा एक झोत आला, जहाज कललं, उघड्या झरोक्यांतून पाणी घुसलं आणि अख्ख्या गावाच्या देखत ते तळाला गेलं. सुमारे ३० माणसं मेली. मग चौकशी बसली. मुख्य कारागीर आदल्या वर्षीच वारला होता, आराखडा राजाच्या पसंतीचा होता, शिक्षा कोणालाच झाली नाही.

बाबांना दोन वर्षांनी पुन्हा नेलं तेव्हा ही गोष्ट सांगितली. आयुष्यभर सरकारी नोकरीत इमारती बांधलेला माणूस. चौकशीच्या भागाला ते असे खुलले, की आत गेल्यावर तीन तास बाहेर यायला तयार नव्हते.

तिसरी गोष्ट, खालून वर बघत जा. दारातून आत आलात की तुम्ही जहाजाच्या मध्यावर असता आणि सगळे लगेच वरच्या गॅलऱ्यांकडे पळतात. तुम्ही लिफ्टनं तळाला जा. तिथून मान वर केली की ६९ मीटर लांबीचं ते धूड अंगावर येतं आणि बूड किती निमुळतं आहे, वर किती बोजा आहे, हे न सांगता कळतं. अवशेषांत मोजपट्ट्याही सापडल्या आहेत. काही स्वीडिश फुटाच्या, बारा इंची, काही ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या, अकरा इंची. दोन कारागीर, दोन वेगळे फूट, आणि जहाजाची एक बाजू दुसरीपेक्षा जाड. इथे थांबा. इंजिनिअर पाहुणा असेल तर तो हलणारच नाही.

मग एकेक मजला वर चढत मागच्या बाजूला या. सगळं कोरीव काम तिथे एकवटलंय. आज ते काळपट दिसतं, पण मुळात ते गणपतीच्या आराशीइतकं भडक रंगवलेलं होतं. शेजारी एक दशांश आकाराची रंगीत प्रतिकृती आहे, ती आधी बघून मग खऱ्याकडे बघा. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, गेलात तर बाकाखाली दबून बसलेला एक माणूस कोरलेला दिसेल. तो पोलंडचा सरदार. शत्रूचा अपमान करायची हौस इतकी, की त्याला जहाजाच्या नाकाशी, खलाशांच्या शौचाच्या जागेजवळ बसवलाय. मुलांना बाकी काही आठवत नाही, हे मात्र घरी गेल्यावरही आठवतं.

‘इतकी वर्षं लाकूड टिकलं कसं?’ हा प्रश्न हमखास येतो. बाल्टिकचं पाणी कमी खारट, त्यामुळे कोकणात होड्या पोखरतो तसला समुद्री किडा तिथे जगत नाही. १९६१च्या एप्रिलमध्ये वर काढल्यावर लाकूड वाळून तडकू नये म्हणून त्यावर १७ वर्षं पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे रसायन फवारलं. आताही आतली हवा १८ ते २० अंशांवर धरून ठेवतात, म्हणून ज्येष्ठांसाठी जुलैतही शाल न्या. माझी आई दोनदा कुडकुडली आहे.

तिथे एक माहितीपटही सतत दाखवतात. त्याचा माझ्या लेखी मुख्य उपयोग म्हणजे वीसेक मिनिटं बसायला खुर्ची मिळते.

बाहेर आलात की साडेअकरा झालेले असतील आणि रांग फाटकापर्यंत गेलेली असेल. पाण्याच्या काठी बाक आहेत, तिथे डबा उघडा. सीगल पक्ष्यांपासून पोळी सांभाळा. ते विचारत नाहीत.

दुपारी एकच गोष्ट करा आणि ती स्कान्सेन असू द्या. आर्तुर हाझेलिउसनं १८९१ साली देशभरातली जुनी घरं उचलून आणून इथे वसवली. उघड्यावरच्या म्युझियमची कल्पना जगभर गाजली ती इथूनच. चढ टाळायला एका फाटकापासून टेकडीवर जाणारी छोटी रेल्वे आहे. आबा म्युझियमला फक्त त्यांनाच न्या ज्यांना किमान चार गाणी येतात. बाकीच्यांसाठी ते महागडं कॅराओके आहे. येताना ट्राम.

पायरी ५: गामला स्तान

जुनं शहर सोपं आहे, फक्त वेस्तरलाँगगातान हा मुख्य रस्ता सोडा. तिथे शिंगांच्या टोप्या आणि फ्रिजवर लावायचे मूस विकतात. त्याला समांतर, एक गल्ली वर, प्रेस्तगातान आहे, ती धरा. वाटेत कोकब्रिंकेनच्या कोपऱ्यावर भिंतीत रुनिक लिपीतला दगड बसवलेला आहे. व्हायकिंग काळातला दगड कोणीतरी सरळ घराच्या बांधकामात वापरून टाकला. आपल्याकडे वीरगळ पायरीला लावतात, त्यातलाच प्रकार. मॉर्टेन त्रोत्सिग गल्ली जिथे सर्वांत अरुंद आहे तिथे ती ९० सेंटिमीटर भरते. ज्याला मागे वळून फोटो काढायची सवय आहे त्याला शेवटी ठेवा, नाहीतर सगळी वाहतूक ठप्प.

राजवाड्याजवळच्या फिनिश चर्चच्या मागच्या आवारात एक लोखंडी मुलगा गुडघे कवटाळून चंद्राकडे बघत बसलाय. उंची जेमतेम १५ सेंटिमीटर. थंडीत लोक त्याला लोकरीची टोपी घालतात. पहारेकऱ्यांच्या बदलीच्या सोहळ्यासाठी तासभर ताटकळण्यापेक्षा मी इथे दहा मिनिटं जास्त देते.

पायरी ६: नगरभवन आणि संध्याकाळ

नोबेलची मेजवानी १० डिसेंबरला जिथे होते ते स्ताद्सहूसेत आतून फक्त गाईडबरोबरच पाहता येतं, त्यामुळे आधी वेळ बघून जा. ब्लू हॉल निळा नाही. वास्तुकार राग्नार ओस्तबेरीला लाल विटाच इतक्या आवडल्या की त्यानं निळा रंग दिलाच नाही, नाव मात्र राहिलं. संध्याकाळी समोरच्या काठावरच्या मोंतेलिउसवेगेन या उंचावरच्या पायवाटेवर जा. फुकट आहे. जूनमध्ये सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे आधी घरी जेवून गेलात तरी चालतं.

पाऊस लागला तर हिस्टॉरिस्का म्युझियम, म्हणजे इतिहासाचं संग्रहालय. मेलारेन सरोवरातल्या हेल्यो बेटावरच्या उत्खननात निघालेली, सहाव्या शतकाच्या आसपास भारतीय उपखंडाच्या वायव्येला घडवलेली कांस्याची छोटीशी बुद्धमूर्ती तिथे आहे. तळहातावर मावेल एवढी. सासूबाई तिच्यासमोर चप्पल काढून उभ्या राहिल्या होत्या.

पायरी ७: परत येताना

मेट्रो स्टेशनांत रंगवलेली चित्रं पाहायला वेगळा दिवस लागत नाही. निळ्या मार्गावर कुंगस्त्रेदगोर्डेनला चढा. पुढच्याच स्टेशनाला, टी-सेंत्रालेनला उतरा. निळ्या वेली छतावर चढलेल्या दिसतील, आणि एका कमानीवर हे स्टेशन खोदणाऱ्या, रंगवणाऱ्या मजुरांच्या सावल्या आहेत. त्या बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतात. मग ११ नंबरची, आकल्लाकडे जाणारी गाडी पकडून सोल्ना सेंत्रुमला उतरा. १० नंबरची चालणार नाही, ती अलीकडे वळते. वर रक्तासारखं लाल आकाश, खाली हिरवं जंगल, आणि त्यात १९७०च्या दशकातल्या ओस पडत चाललेल्या स्वीडिश खेड्यांची लहान लहान चित्रं. फलाटावर बाक आहेत. पुढची गाडी दहा मिनिटांत येते. आम्ही दोन गाड्या सोडतो.