सोलरची जागा नकाशात ‘उत्तम शेतजमीन’ दिसत होती, ती अशी सुटली
जमीन खडकाळ, पण वर्गवारीत ‘उत्तम शेतजमीन’. सोलर प्रकल्पाचा अर्ज दोनदा परत. फोटो जोडले, पॅनलखाली मेंढ्या चारू असंही लिहून दिलं. डोकं फिरायची वेळ आली.

मग नकाशाचं प्रमाण पाहिलं: १:२,५०,०००. म्हणजे आमचे सहा हेक्टर तिथे जेमतेम एक चौरस मिलिमीटर, पेन्सिलच्या टोकाखाली झाकले जातील इतके!

आधी वर्गवारीचे निकष लेखी मागवले: मातीची खोली, उतार, निचरा. नंतर मृदातज्ज्ञाकडून हेक्टरी एक भोक ऑगरने (माती तपासायला जमिनीत भोक पाडायचा गिरमिट) पाडून घेतलं, प्रत्येक जागा जीपीएसवर नोंदवली. बहुतेक ठिकाणी ३० सेंटिमीटरलाच ऑगर खडकावर खडखडला. तो अहवाल जोडून फक्त वर्गदुरुस्तीचा अर्ज केला. ती मंजूर झाल्यावरच सोलरचा.