टाकी वाहते, पंप ऐकत नाही: मेश नेटवर्कमधल्या या चुका टाळा

धायरीतल्या आमच्या सोसायटीत गच्चीवरचा सेन्सर ‘टाकी भरली’ म्हणून सांगायचा आणि खालचा पंप ढिम्म. तेही फक्त सकाळी. सेन्सर बदलला, अँटेना बदलला, तरी पाणी भिंतीवरून वाहायचंच. मग कळलं, उजाडलं की वॉचमनकाका जिन्यातले दिवे बंद करतात. आमचं जाळं झिगबीचं, म्हणजे उपकरणं एकमेकांचे मेसेज पुढे नेतात असं बिनतारी मेश नेटवर्क. त्यात मेसेज पुढे ढकलायचं काम नेमकं त्याच स्मार्ट बल्बांकडे होतं. काकांचं काय चुकलं? दिवसा दिवा जाळणं पुण्यात कोणाला पटेल!

झिगबीत बॅटरीवरची उपकरणं दुसऱ्याचा मेसेज पुढे नेत नाहीत, ते काम कायम विजेवर असणाऱ्यांचं. त्यामुळे बटणाखालच्या बल्बवर भिस्त ठेवू नका. आम्ही जिन्यात साधे बल्ब लावले आणि प्रत्येक मजल्यावर मीटरच्या बाजूला एकेक रिपीटर, म्हणजे मेसेज पुढे ढकलणारं उपकरण, बसवला. एक बंद पडला तरी दुसरी वाट राहते.

दुसरी चूक चॅनेलची. झिगबी आणि वाय-फाय दोन्ही 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, आणि या पट्ट्याचे नंबर दिलेले भाग म्हणजे चॅनेल. वाय-फायचा 11 आणि झिगबीचा 11 एक नव्हेत. झिगबीचा 11 वाय-फायच्या 1 नंबरच्या चॅनेलमध्येच येतो. घरोघरी वाय-फाय 1, 6 किंवा 11 वर असेल तर झिगबीसाठी 25 बरा. मात्र चॅनेल बदलल्यावर काही उपकरणं पुन्हा जोडावी लागतात. हबचा (जाळं चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) डोंगल, म्हणजे झिगबीचा यूएसबी रेडिओ, यूएसबी 3 पोर्टात थेट खुपसू नका, त्या पोर्टचा गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झवरच असतो. मीटरभर एक्स्टेन्शन केबल पुरते.

सगळ्यात महाग पडते ती पोचेबद्दलची गैरसमजूत. शेजारच्या रिपीटरने पोच दिली म्हणजे मेसेज फक्त एक टप्पा पुढे गेला, पंपापर्यंत नाही. शेवटच्या उपकरणाची पोच वेगळी मागावी लागते. सगळ्यांना एकदम धाडलेल्या ब्रॉडकास्टला तर अशी पोच नसतेच. आणि पोच आली नाही म्हणून प्रोग्रॅम तोच आदेश पुन्हा पाठवणार असेल, तर ‘टॉगल’ (चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू) कधीही वापरू नका. पंप पहिल्याच आदेशाने बंद झालेला असतो, हरवलेली असते ती पोच, आणि दुसऱ्या टॉगलने तो पुन्हा सुरू होतो. आम्ही हे भोगलंय. आदेश स्पष्ट ‘बंद’ असा द्या, तो दहादा पोचला तरी बिघडत नाही.

दर सेकंदाला पातळी कळवायचा हट्टही सोडा. टाकी काही सेकंदात भरत नाही, हवेत गर्दी मात्र होते.

पंपाच्या कंट्रोलरला आता ठरावीक वेळ काहीच ऐकू आलं नाही, तर तो स्वतःहून थांबतो. गच्चीवरचा तारेने जोडलेला जुना फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून पातळीप्रमाणे चालू-बंद होणारा) मात्र आम्ही काढलेला नाही.