कॉन्व्हेंटमधला डिसेंबर: नव्या पालकांना थोडं आधीच सांगून ठेवते

मूल जूनमध्ये कॉन्व्हेंटमध्ये दाखल होतं, पण ते शाळेत रुळलं की नाही हे डिसेंबरात कळतं. मी भुसावळच्या एका कॉन्व्हेंटमध्ये मराठी शिकवते. पालकांना ज्या विषयाची सगळ्यात कमी भीती वाटते तो माझा विषय, त्यामुळे नवे आईवडील सिस्टरांच्या आधी माझ्याकडे येऊन मन मोकळं करतात. दरवर्षीचे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून लिहून ठेवते आहे.

आमच्या एकेका वर्गात रेल्वेवाल्यांची, ऑर्डनन्स फॅक्टरीतली आणि दीपनगरच्या वीज केंद्रातली मुलं असतात. घरी कोणी तेलुगू बोलतं, कोणी मल्याळम, कोणी भोजपुरी. यावल, फैजपूर, सावदा भागातली केळीवाल्यांची मुलं बहुधा पाचवीला किंवा आठवीला येतात, मराठी शाळेतून. हे लेखन मुख्यतः त्यांच्या घरच्यांसाठी आहे. शहरातल्या पालकांना हे सगळं मोठ्या भावंडांमुळे आधीच ठाऊक असतं.

दिवाळीची सुट्टी संपली की दुसरं सत्र लागतं आणि नाताळच्या सुट्टीआधी सगळं उरकायचं असतं: स्पोर्ट्‌स डे, गॅदरिंग, हाऊसच्या, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या गटांच्या, स्पर्धा, कॅरल म्हणजे नाताळची गाणी, नाताळचा कार्यक्रम. दहावी यात नसते. तिला नाशिक विभागीय मंडळाची परीक्षा समोर दिसत असते आणि सराव परीक्षांचं वेळापत्रक लागलेलं असतं. बाकीच्यांचे तास मात्र जागच्या जागी राहत नाहीत. गणिताच्या तासाला अर्धा वर्ग मैदानावर असतो. "शिकवतात कधी?" असं विचारायला पालक येतात. शिकवतो. पोर्शन जानेवारीत भरून निघतो, त्याची चिंता नको.

चिंता करायची तर याद्यांची करा. डिसेंबरातल्या प्रत्येक गोष्टीची यादी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होते. असेंब्लीत एकदा सांगतात, नोटीस बोर्डावर कागद लागतो, वर्गातला हाऊस कॅप्टन वही घेऊन फिरतो आणि दोन दिवसांत विषय संपतो. नवं मूल त्या दोन दिवसांत गप्प बसलं की महिनाभर टाळ्या वाजवत बसतं. मग गॅदरिंगच्या दिवशी आई म्हणते, "आमच्या पोराला घेतलंच नाही." घेतलं नाही असं नसतं, त्याचं नावच कोणाकडे नसतं. डायरीत आलेली सूचना त्याच रात्री वाचा आणि एवढंच विचारा, "नाव दिलंस का?"

कशात द्यायचं? माझं मत अनेकांना पटत नाही, पण नव्या मुलाने पहिल्या वर्षी नाचात जाऊ नये, मार्च पास्टमध्ये, म्हणजे हाऊसच्या संचलनात, जावं. नाचात पुढची रांग जुन्या मुलांची ठरलेली असते आणि पोशाखाचा खर्च वेगळा. मार्च पास्टला पाय जुळला की झालं. शाळेची मुलं चार हाऊसमध्ये वाटलेली असतात, हाऊसचे गुण वर्षभर मोजले जातात आणि वर्षअखेर ढाल मिळते. त्या रांगेत उभं राहिलेलं मूल आठवड्याभरात आठवीतल्या दादाला आणि सातवीतल्या ताईला नावानिशी ओळखू लागतं. वर्गात बसून हे व्हायला वर्ष लागतं. शिवाय सराव सकाळी असतो. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा स्वेटर द्याच. दुपारी तेच स्वेटर ग्राउंडवर विसरून येईल, हेही धरून चाला.

आता इंग्रजी. "टीचर, मले इंग्रजी बोलता येत नाही," हे वाक्य मी दर नोव्हेंबरात नव्या मुलांकडून ऐकते. त्यावर माझा उपाय असेंब्लीत आहे. असेंब्लीचा आठवडा प्रत्येक वर्गाला आळीपाळीने मिळतो: प्रार्थना, बातम्या, सुविचार, दिनविशेष. डिसेंबरात दिनविशेषांची चंगळ असते. 3 तारखेला ख्रिस्ती धर्मप्रसारक संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण. 1552 साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर ते वारले आणि त्यांचं शव आज गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये आहे. त्याच 3 डिसेंबरला, 1951 साली, आपल्या बहिणाबाई चौधरी गेल्या. 6 तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन, 22 तारखेला रामानुजन यांची जयंती आणि गणित दिवस. 24 ला साने गुरुजींची जयंती, पण तेव्हा सुट्टी लागलेली असते, म्हणून अमळनेरच्या या मास्तरांची आठवण आम्ही आधीच काढतो.

मागे एकदा सावद्याकडच्या एका मुलाला मी बहिणाबाईंवर बोलायला उभं केलं. असोद्याची लेक, शाळेत न गेलेली, घरकाम करता करता ओव्या रचणारी, एवढं त्याने साध्या मराठीत सांगितलं. मग म्हणाला, "आमची आजी अशीच बोलते," आणि आजी कशी बोलते ते आमच्या भागातल्या लेवा बोलीत करून दाखवलं. मैदान हसलं, पण त्याला नव्हे, त्याच्याबरोबर. पुढचे आठ दिवस तेलुगू पोरं त्याच्याकडून शब्द शिकत होती. नाताळच्या नाटकात त्याला मेंढपाळ केलं. मेंढपाळाला संवाद नव्हताच, तरी त्याने दोन वाक्यं घुसवली, तीही इंग्रजीत, आणि व्याकरणाकडे कोणी पाहिलं नाही.

धर्माबद्दल पालक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून मी मोठ्याने सांगते. आमच्याकडे बहुतेक मुलं ख्रिस्ती नाहीत. कॅथलिक मुलांना कॅटेकिझमचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा, तास असतो, त्याच वेळी बाकीच्यांना मूल्यशिक्षण. राज्यघटनेचा अनुच्छेद 28 सांगतो की पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, आणि हे मान्यताप्राप्त शाळांनाही लागू आहे. शंका असेल तर सरळ प्रिन्सिपल सिस्टरांना विचारा. आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार, मुलांना दिसतो तो मेणबत्त्यांच्या चक्रातून: तीन जांभळ्या, एक गुलाबी, दर आठवड्याला एक वाढते. वर्गावर्गात तांदूळ, डाळ, जुने पण धड कपडे गोळा होतात. आणि गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा गोठ्याचा देखावा, करायची असते. इथे गावाकडची मुलं सगळ्यांच्या पुढे. कडबा कसा बांधायचा, केळीची वाळलेली पानं छपराला कशी घालायची, हे रेल्वे कॉलनीतल्या मुलाला कुठून येणार? गव्हाणीच्या स्पर्धेत ज्यांच्या हाऊसकडे सावदा-यावलची मुलं जास्त, त्यांचं छप्पर पाहूनच ओळखू येतं.

बक्षिसांचं थोडं. मंचावरचे कप फोटोत छान दिसतात, पण उपयोगी पडतं ते दुसरंच. चित्रकलेत हात बरा असेल तर आठवीनंतर एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट या शासकीय ग्रेड परीक्षा द्यायला लावा. इंटरमिजिएटच्या ए श्रेणीला दहावीत 7, बी ला 5 आणि सी ला 3 वाढीव गुण मिळतात. विज्ञानाची आवड असेल तर सहावीला आणि नववीला डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा असते. लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, पुढे प्रकल्प आणि मुलाखत. पहिल्या टप्प्यात गळालं तरी त्या अभ्यासाने नववीचं विज्ञान सोपं जातं, हे मी वर्गात पाहते. या परीक्षांचे फॉर्म जून-जुलैपासून सुरू होतात, म्हणजे डिसेंबरात विचारायला आलात तर मी पुढच्या वर्षाचं सांगेन.

धाकट्याला प्रवेश घ्यायचा असेल त्यांच्यासाठी: आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, 25 टक्के जागांत कॉन्व्हेंटसारख्या अल्पसंख्याक शाळा धरू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने त्यांना त्या कायद्यातून वगळलं. शाळेचाच फॉर्म भरावा लागतो आणि नर्सरीचे फॉर्म याच थंडीच्या दिवसांत निघतात.

खर्चाचं म्हणाल तर पोशाख भाड्याने घ्या, शिवू नका. स्पोर्ट्‌स डेला पांढरा गणवेश आणि पांढरे बूट लागतात, आणि आपली माती काळी, तेव्हा आदल्या दिवशीच्या सरावाला जुने बूट घाला. डब्यात शेवभाजी नको, तिचा तवंग पांढऱ्या शर्टावरून निघत नाही. पोळीचा लाडू पुरतो.

सुट्टी लागली की सगळे गावी पळतात. शेतात भरीत, कळण्याची भाकरी, पाहुणे, लग्नं. जा, पण शाळा उघडेल त्या दिवशी मूल वर्गात हवं. 26 जानेवारीच्या परेडची यादी त्याच आठवड्यात लागते, आणि तुमच्या मळ्यातली वांगी संपेपर्यंत पीटीचे सर थांबत नाहीत.