टॉर्चच्या रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ आलं? या चुका टाळा

टॉर्च म्हणजे टोक्सोप्लाझ्मा (एक परजीवी), रुबेला (जर्मन गोवर), सीएमव्ही (सायटोमेगॅलो विषाणू), हर्पिस अशा, पोटातल्या बाळाला त्रास देऊ शकणाऱ्या संसर्गांची रक्ततपासणी. लॅबच्या काउंटरवर तिचं पाकीट हातात पडलं की लोक ते दारातच फोडतात. परवा एक ताई आल्या, अडीच महिन्यांच्या गरोदर, सोबत सासूबाई. रुबेला आयजीजी १८४ आणि पुढे ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’. सासूबाईंचा पहिला प्रश्न, “आता पिशवी साफ करावी लागेल का हो?” खरं तर त्या कागदावरची ती सगळ्यात चांगली बातमी होती.

पहिली आणि सर्रास होणारी चूक हीच, आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे आजार समजणं. आयजीजी हे एक प्रतिपिंड, म्हणजे जंतूशी लढायला शरीराने रक्तात बनवलेलं प्रथिन. ते सापडलं म्हणजे शरीराने तो जंतू किंवा त्याची लस आधी कधीतरी पाहिलीय. रुबेलाच्या बाबतीत याचा सरळ अर्थ, ताईंना संरक्षण आहे. सीएमव्हीचं आयजीजी तर आपल्याकडे बहुतेक मोठ्या माणसांत सापडतं, तुमचं तपासलं तर बहुधा तुमच्यातही सापडेल. उलट रुबेला आयजीजी निगेटिव्ह आलं की घरात पेढे वाटल्यासारखा आनंद होतो, पण लक्ष तिथे द्यायला हवं, कारण संरक्षण नाही. रुबेलाची लस जिवंत विषाणूची असते, त्यामुळे पोटुशी असताना देत नाहीत. बाळंतपणानंतर ती घ्यावी, अंगावर पाजत असलात तरी चालते. आणि दिवस गेल्याचं कळण्याआधी चुकून घेतली गेली असेल, तर तेवढ्यासाठी गर्भपात करायचा नसतो.

आयजीएम या दुसऱ्या प्रतिपिंडाचं प्रकरण जरा नाजूक. ते नव्या संसर्गाकडे बोट दाखवतं हे खरं, पण खोटं पॉझिटिव्हही येतं, आणि टोक्सोप्लाझ्मात तर जुनं आयजीएम वर्षभराहून जास्त रेंगाळतं. म्हणून एका आयजीएमवर गोळ्या सुरू करू नयेत, निर्णय तर मुळीच घेऊ नये. दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा नमुना द्या आणि ‘अ‍ॅव्हिडिटी’ तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. प्रतिपिंडांची पकड किती घट्ट आहे, ते ती सांगते. पहिल्या तीन महिन्यांत पकड घट्ट निघाली, तर संसर्ग बहुधा दिवस राहण्याआधीचा.

दोन गर्भपात झाले की टॉर्च करायचाच, ही पद्धत कुठून रुजली कोण जाणे. टोक्सोप्लाझ्मा एकदा होऊन गेला की सुदृढ बाईत तो पुन्हापुन्हा गर्भ पाडत नाही. वारंवार होणाऱ्या गर्भपातांचं कारण या चार-पाच नावांत शोधू नका.

मुळात ‘टॉर्च’ हे नाव १९७१ मध्ये आंद्रे नाहमियास आणि सहकाऱ्यांनी नवजात बाळांच्या आजारांच्या संदर्भात मांडलं. सरसकट प्रत्येक गरोदर बाईचं रक्त काढण्यासाठी नव्हे. त्याआधी १९४१ मध्ये सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या ७८ बाळांची नोंद मांडली. बहुतेक आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला जर्मन गोवर, म्हणजे रुबेला, झालेला होता. रिपोर्टच्या आधी बाईला नीट प्रश्न विचारावेत, हे मला तरी त्या कामातून पटतं. अंगावर पुरळ आलं होतं का? ताप? घरात कुणाला?

आता खरी चूक. त्या ताईंचं माता-बाल कार्ड उघडलं तर टॉर्चवर पैसे मोजून झालेले, पण व्हीडीआरएलचा, म्हणजे सिफिलिसच्या रक्ततपासणीचा, रकाना कोरा! सिफिलिस, एचआयव्ही आणि कावीळ ‘ब’, ज्या तीन संसर्गांत वेळेवर कळलं तर बाळ वाचतं, ते मागे पडतात. सिफिलिस, म्हणजे जुन्या माणसांची ‘गरमी’, बेंझाथीन पेनिसिलिनच्या इंजेक्शनने आटोक्यात येते, पण औषध बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी पोचायला हवं. इंजेक्शन नको म्हणून एरिथ्रोमायसिनच्या गोळ्यांवर भागवू नका, त्या वार ओलांडून बाळापर्यंत पुरेशा पोचत नाहीत. नवऱ्यावरही उपचार हवेत, नाहीतर संसर्ग परत घरात.

एचआयव्हीत औषधांनी काय फरक पडतो, हे १९९४ च्या अमेरिका-फ्रान्समधल्या चाचणीत दिसलं. एकट्या झिडोव्ह्यूडिनने बाळाला लागण होण्याचं प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आलं. आजच्या तीन औषधांच्या उपचारात ते याहून खूप खाली जातं. आई एचबीएसएजी (कावीळ ‘ब’ची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह असेल, तर बाळाला कावीळ ‘ब’ची लस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत, आणि इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, शक्यतो १२ तासांत. ‘रविवार आहे, सोमवारी देऊ’ हे ऐकून घेऊ नका. केवळ या कारणासाठी सिझेरियन लागत नाही.

मांजराचंही सांगते. घरातली मनी लगेच पाहुण्यांकडे धाडायची गरज नाही. तिची विष्ठा दुसऱ्या कुणीतरी रोज उचलावी, कारण त्यातला टोक्सोप्लाझ्मा लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस घेतो. जास्त जपायचं ते अर्धंकच्चं मटण आणि मातीची न धुतलेली भाजी.

सीएमव्ही मात्र घरातूनच येतो, तोही मोठ्या लेकराच्या लाळेतून आणि लघवीतून. ताटातलं उरलेलं वाया कशाला घालवायचं म्हणून आई लेकराचं उष्टं संपवते, तेवढे महिने ते थांबवा. पापा ओठांवर नको, कपाळावर घ्या. लंगोट बदलला की साबणाने हात. आणि बाळाला जन्मतःच सीएमव्ही असल्याची शंका असेल, तर लघवी किंवा लाळेची पीसीआर तपासणी पहिल्या २१ दिवसांत करा. त्यानंतर विषाणू सापडला तरी तो पोटात असताना आला की जन्मानंतर, हे त्या तपासणीवरून सांगता येत नाही.