कूलंट टेम्परेचर सेन्सर बदलायला निघालात? आधी या चुका टाळा

सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुर करते, पेट्रोलचा वास येतो, अ‍ॅव्हरेज पडलंय, इंजिन थंड असतानाही रेडिएटरचा पंखा घोंघावतोय. स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला की कोडमध्ये ‘कूलंट टेम्परेचर’, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं तापमान, हे शब्द दिसतात आणि लगेच नवा सेन्सर येतो. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते.

कोड म्हणजे निकाल नव्हे. पी०११८ म्हणतो की सिग्नलचा व्होल्टेज फार चढलाय, म्हणजे सर्किट कुठेतरी तुटलंय. पी०११७ त्याच्या उलट: व्होल्टेज फार खाली, बहुधा शॉर्ट. पी०१२८ आला तर इंजिन हवं तितकं तापत नाहीये. तिथे पहिला संशय उघडा अडकलेल्या थर्मोस्टॅटवर (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) घ्यायचा, सेन्सरवर नाही.

सेन्सरचं काम एवढंच, की तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्याला ५ व्होल्टच्या लाइनवर वाचतो. म्हणून एक फुकटची चाचणी होते. इग्निशन ऑन, इंजिन बंद, सेन्सरचं कनेक्टर काढा. स्कॅनरवर आकडा उणे ४० च्या आसपास गेला पाहिजे. मग हार्नेसच्या, म्हणजे गाडीकडून येणाऱ्या वायरींच्या बाजूच्या, दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा. आकडा एकदम वर, १३० च्या पुढे जायला हवा. (ही जोडणी फक्त दोन पिनांच्या सेन्सरवर करा, आणि आधी वायरिंगचा नकाशा बघा.) दोन्ही झालं तर वायरिंग आणि ईसीयू ठीक, संशय सेन्सरवर. नाही झालं तर नवा सेन्सर लावून काहीही फरक पडणार नाही. काही गाड्यांत बिघाड कळताच ईसीयू स्वतःच एक ठरावीक आकडा धरून चालतो. तिथे स्क्रीनवरचं तापमान खरं मानू नका, सरळ व्होल्टेज मोजा.

मी स्वतः हीच चूक केली आहे. सेन्सर बदलला, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. शेवटी इंजिन चालू ठेवून स्कॅनरकडे बघत वायर हलवली, तर ८६ वरून आकडा थेट उणे ४०, आणि परत ८६. कनेक्टरपासून बोटभर अंतरावर आतली तांब्याची तार तुटली होती. वरचं आवरण मात्र अखंड, नव्यासारखं! तेव्हापासून हार्नेस हलवून बघितल्याशिवाय मी पाना हातात घेत नाही. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज असेल तर तोही आधी साफ करा.

गरम इंजिनवरच सगळी तपासणी उरकणं ही आणखी एक चूक. रात्रभर उभ्या गाडीवर, सुरू करण्याआधी, स्कॅनरवर कूलंटचं तापमान आणि इनटेक हवेचं (इंजिनात शिरणाऱ्या हवेचं) तापमान ताडून बघा. दोन-चार अंशांचा फरक चालेल. एक २५ आणि दुसरं ५० दाखवत असेल तर दोघांपैकी एक खोटं बोलतोय. बाहेरच्या हवेशी ताडलं की कोण ते कळतं.

डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मोठ्या टप्प्यात मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो, आणि काही जुन्या गाड्यांत त्याचा सेन्सरच वेगळा असतो.

मल्टीमीटरने मोजायचं तर सेन्सर काढून त्याचं टोक पाण्यात बुडवा, थर्मामीटर ठेवा आणि पाणी हळूहळू तापवा. बऱ्याच सेन्सरमध्ये २० अंशांना दोन-तीन हजार ओहम आणि ८० अंशांना तीनेकशे ओहम मिळतात, पण शेवटचा शब्द गाडीच्या मॅन्युअलमधल्या तक्त्याचा. आकड्यांपेक्षाही उतार बघा: रोध सलग उतरायला हवा, मध्येच उडी मारली की सेन्सर गेला.

कूलंट कमी असेल किंवा सिस्टिममध्ये हवा अडकली असेल तर चांगला सेन्सरही चुकीचं वाचतो, कारण तो पाण्यात नाही, हवेत बसलेला असतो. आधी पातळी बघा, पण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं कूलंट दाबाने अंगावर येतं.

एकाच वायरीचा सेन्सर असेल तर आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. त्याला अर्थिंग (विजेची परतीची वाट) इंजिनच्या धातूतूनच मिळतं, टेपने ते तुटू शकतं. बसवल्यावर कूलंट भरा, हवा काढा, कोड पुसा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर तेच आकडे पुन्हा ताडून बघा.