चाळीस अंशांतला नाताळ: ऑस्ट्रेलियात घरचा सण कसा पार पाडावा

लेकीने ऑस्ट्रेलियन घरात लग्न केलं आणि नाताळ आमच्याही घरचा सण झाला. पहिल्या वर्षी २५ डिसेंबरला मेलबर्नमध्ये पारा ३८ वर होता. विहीणबाईंना आईची रीत मोडवेना, म्हणून सकाळी नऊला साडेपाच किलोची टर्की ओव्हनमध्ये गेली. चार तास ओव्हन, शेजारी बटाटे, गॅसवर पुडिंगची वाफ. अकराच्या सुमारास एसीने हात टेकले. आम्ही जेवायला बसलो तेव्हा बटरच्या वाटीत पिवळं तेल होतं, आणि विहीणबाई टर्कीपेक्षा जास्त भाजलेल्या दिसत होत्या.

पुढच्या काही वर्षांत आम्ही दोघींनी थोडं भांडत, थोडं हसत हा सण उन्हाच्या वेळापत्रकावर आणला. इथला नाताळ इंग्लंडच्या थंडीतून बोटीने आलेला. भाजलेलं मांस, वाफवलेलं पुडिंग, सगळं शेकोटीपुढे बसून खायचं. इथे मात्र २१-२२ डिसेंबरला वर्षातला सगळ्यात मोठा दिवस असतो. त्यामुळे रीत ठेवायची, वेळ बदलायची. आगीचं काम आदल्या रात्री, जेवण दुपारी आणि थंड, बाहेरचं जे काही ते ऊन उतरल्यावर. बाकीचं यातूनच येतं.

आधीचे दोन-तीन आठवडे

सगळ्यात आधी भेटवस्तूंच्या चिठ्ठ्या टाका. याला इथे क्रिस क्रिंगल म्हणतात. प्रत्येकाने एकच चिठ्ठी उचलायची आणि त्या एकाच माणसासाठी ठरलेल्या रकमेत वस्तू आणायची. आमच्याकडे मर्यादा ३० डॉलर आहे. लहान मुलं यातून वगळा, त्यांना सगळ्यांनीच द्यायचं असतं. झाडाखाली ठेवायच्या पुड्यांत चॉकलेट नको. मेणबत्त्याही नकोत. खिडकीतल्या उन्हात त्या एका दुपारीत वाकतात, पुरावा आमच्या फोटोंत आहे.

खरं झाड आणणार असाल तर ते बहुधा रेडिएटा पाइन असेल. पाण्यात ठेवण्याआधी बुंध्याची खालची दोन-तीन सेंटिमीटर चकती करवतीने कापून टाका, नाहीतर चीक सुकून तोंड बंद होतं आणि झाड पाणी ओढत नाही. पहिले दोन दिवस बादलीतलं पाणी झपाट्याने उतरतं, सकाळ-संध्याकाळ बघावं लागतं. झाड पश्चिमेच्या खिडकीपाशी ठेवलंत तर पंचवीसपर्यंत सुया गालिच्यावर आणि काड्या कुंडीत.

मला स्वतःला इथली झाडं जास्त आवडतात. न्यू साउथ वेल्सच्या ख्रिसमस बुशला आधी बारीक पांढरी फुलं येतात. मग फुलाखालची निदलं मोठी होऊन लाल होतात, आणि नेमकी नाताळच्या सुमारास. त्याच्या फांद्या फुलदाणीत सुंदर राहतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं ख्रिसमस ट्री, नुइट्सिया, डिसेंबरात केशरी-पिवळं फुलतं. ते मात्र दुरूनच बघावं. हे झाड अर्धपरजीवी आहे, आजूबाजूच्या झाडांच्या मुळांना आपल्या मुळांनी चिरून त्यांचं पाणी पितं. मुळं समजून जमिनीतल्या केबलही कापल्याच्या नोंदी आहेत. घरी लावायची कल्पना सोडा.

पुडिंगही याच दिवसांत वाफवून ठेवा. ते मुरल्यावर चांगलं लागतं आणि पंचवीसला गॅस पेटत नाही. पूर्वी त्यात चांदीचं थ्रीपेन्स घालत, ज्याच्या वाटणीत निघेल तो भाग्यवान. १९६६ साली डॉलर आला आणि ती नाणी गेली. विहीणबाईंनी मात्र सहा जपून ठेवली आहेत. जेवणानंतर त्या ती मोजून परत घेतात.

फ्रिज, बर्फ आणि हॅम

खरी ओढाताण फ्रिजमधल्या जागेची असते. तेवीसला फ्रिज उघडा, लोणच्यांच्या अर्धवट बाटल्या, कोथिंबिरीची काळी पडलेली जुडी, सगळं बाहेर. पेयं फ्रिजमध्ये ठेवूच नका. त्यांच्यासाठी एस्की, म्हणजे बर्फाची पेटी. बर्फाच्या पिशव्या चोवीसला सकाळीच पेट्रोल पंपावरून आणा. पंचवीसला बहुतेक सुपरमार्केटं बंद असतात. पंप उघडा असला तरी त्याच्या बर्फाच्या कपाटात काही उरलेलं नसतं.

आता महत्त्वाचं. ५ ते ६० अंश हा पदार्थ बिघडण्याचा पट्टा. इथे शिकवतात तो नियम असा: पदार्थ या पट्ट्यात एकूण दोन तासांपेक्षा कमी राहिला असेल तर परत फ्रिजमध्ये चालेल. दोन ते चार तास झाले असतील तर आत्ताच संपवा. चार तासांच्या वर गेला तर टाकून द्या. ‘एकूण’ हा शब्द लक्षात ठेवा. दुपारी तासभर टेबलावर आणि संध्याकाळी पुन्हा दीड तास, म्हणजे अडीच झाले. आपल्याला अन्न टाकवत नाही, त्यामुळे थोडं थोडंच बाहेर काढणं बरं.

हॅम, म्हणजे डुकराच्या मांडीचं मांस, आधीच शिजवून धुरावलेलं मिळतं, त्याला फक्त वरून चकाकी द्यायची असते. हे काम चोवीसच्या रात्रीचं. कातडीच्या कडेखाली अंगठा सरकवा आणि हळूहळू पुढे न्या. कातडी एकसंध निघते, खालची चरबी जागेवर राहते. घाई केलीत तर चरबीही सोबत येते. मग चरबीवर सुरीने चौकटी पाडा, पण मांसापर्यंत जाऊ नका. प्रत्येक चौकटीत एक लवंग. वरून ब्राउन शुगर, मोहरीची पेस्ट आणि संत्र्याचा मार्मलेड एकत्र करून लावा. १६० अंशांवर तास-सव्वा तास, दर वीस मिनिटांनी पुन्हा एक हात. थंड झालं की फ्रिजमध्ये. काढलेली कातडी फेकू नका, कापलेल्या बाजूवर पांघरूण म्हणून ती उत्तम.

पुढे हॅम प्लास्टिकमध्ये गुंडाळलंत तर चिकट होतं. जुन्या सुती उशीचा अभ्रा घ्या, चार कप पाण्यात दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घालून त्यात भिजवा, पिळा आणि हॅम त्यात घाला. दर दोन-तीन दिवसांनी अभ्रा पुन्हा भिजवायचा.

कोळंबी

ही इथल्या उन्हाळी नाताळाची राणी. सिडनीच्या मासळी बाजारात तर २३ च्या पहाटे पाचपासून २४ च्या संध्याकाळी पाचपर्यंत सलग ३६ तास विक्री चालते. उकडलेली, सालासकट कोळंबी चोवीसला घ्या, बर्फावर घरी आणा, फ्रिजच्या सगळ्यात थंड कप्प्यात ठेवा. टेबलावर ठेवताना मोठ्या परातीत बर्फ आणि वर कोळंबी.

सोलायची ज्याने त्याने. डोकं पिरगाळून काढा, पायांच्या बाजूने कवच सोडवा, पाठीतला काळा धागा ओढा. सोबत लिंबू आणि ओला रुमाल. नवरोबांना वर्षभर सोललेली कोळंबी लागते, इथे मात्र जावयासमोर गुपचूप सोलतात.

एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर शेजाऱ्यांशी संबंध बरे राहिले असते. डोकी आणि सालं कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये ठेवा आणि कचरागाडी येण्याच्या आदल्या रात्री डब्यात टाका. ३८ अंशांत चार दिवस बंद डब्यात राहिलेली कोळंबी अख्ख्या गल्लीला कळते.

पाव्हलोवा, रात्रीच्या ओव्हनमध्ये

अॅना पाव्हलोवा ही रशियन नर्तिका १९२६ साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या दौऱ्यावर आली होती. तिच्या नावाचा हा अंड्याच्या फेसाचा गोड पदार्थ आधी कुणी केला यावर दोन्ही देश अजून भांडतात. उन्हाळ्यासाठी तो सोयीचा का, तर त्याला रात्रभर बंद ओव्हनमध्येच निवायचं असतं.

चार अंड्यांतलं पांढरं घ्या, अंडी फ्रिजमधून आधीच बाहेर काढलेली हवीत. पिवळ्याचा एक थेंबही नको, भांड्याला तुपाचा हातही नको. फेटून मऊ फेस झाला की २२० ग्रॅम बारीक साखर एकेक चमचा घालत जा. इथे सगळे घाई करतात. फेस चिमटीत घेऊन चोळा, साखरेचा कण लागला तर अजून फेटा. भांडं उलटं धरलं तरी हलत नाही इतका घट्ट झाला की दोन चमचे कॉर्नफ्लोअर आणि एक चमचा पांढरं व्हिनेगर हलक्या हाताने मिसळा. कागदावर गोल ढीग करा, मध्ये किंचित खळगा. १२० अंशांवर सव्वा ते दीड तास, मग ओव्हन बंद करा आणि झोपायला जा. दार सकाळीच उघडायचं.

तडा जाईल. जाऊ द्या, वरून क्रीम येणारच आहे. पण क्रीम आणि फळं अगदी वाढण्याच्या वेळी. पॅशनफ्रूट, चेरी, आंबा, तिन्हींचा इथे हाच हंगाम. (आंब्याविषयी मी विहीणबाईंशी वाद घालणं सोडून दिलं आहे.) हवा दमट असेल तर पाव्हलोवाला साखरेचे थेंब सुटतात. तशा दिवशी ती मोडून ग्लासात क्रीम-फळांबरोबर थरांत वाढा, असंच करायचं होतं असं सांगा. उरलेल्या चार बलकांचं पुडिंगसाठी कस्टर्ड.

चोवीसची संध्याकाळ

मेलबर्नच्या सिडनी मायर म्युझिक बोल या खुल्या रंगमंचावर या रात्री मेणबत्त्यांच्या उजेडात कॅरोल गातात. ही प्रथा नॉर्मन बँक्स या रेडिओ निवेदकाने १९३८ साली सुरू केली. तिथे गर्दी असते, त्यापेक्षा आपल्या उपनगरातल्या बागेतला कार्यक्रम बरा. चटई, पाणी, डासांचं मलम, मुलांच्या हातात बॅटरीवरच्या मेणबत्त्या. मेलबर्नमध्ये सूर्य पावणेनऊच्या आसपास मावळतो, म्हणजे रोषणाई बघायची तर नऊनंतर, तोवर लहानांची झोप सांभाळा. ब्रिस्बेनला मेलबर्नसारखं उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करत नाहीत, तिथे सातपर्यंत अंधार पडतो आणि मुलं वेळेवर झोपतात.

सांतासाठी बिस्किटं आणि थंडगार बिअर, हरणांसाठी गाजरं आणि बादलीभर पाणी. बिअर कोण पितं हे विचारू नये.

पंचवीस

पहाटे सगळ्या खिडक्या उघडा, आठला सगळ्या बंद करून पडदे ओढा. एसी घर तापायच्या आधी लावा. तापल्यावर लावलेला दिवसभर धापा टाकतो.

काही गरम हवंच असेल तर ते बाहेर बार्बेक्यूवर. त्याआधी त्या दिवशी ‘टोटल फायर बॅन’ आहे का बघा. व्हिक्टोरियात बंदीच्या दिवशी कोळसा-लाकूड पेटवता येत नाही. गॅसचा किंवा विजेचा बार्बेक्यू चालतो, पण भोवती तीन मीटर जागा पेट घेणाऱ्या वस्तूंपासून मोकळी हवी, हाताशी नळाला जोडलेला पाइप किंवा किमान दहा लिटर पाणी हवं आणि मोठं माणूस सतत जवळ हवं. बाकी राज्यांचे नियम वेगळे, आपल्या राज्याच्या अग्निशमन सेवेकडे पाहून घ्या.

जेवण साडेबाराला. आधी बॉनबॉन, म्हणजे दोघांनी दोन टोकांना ओढून फोडायचा कागदी फटाका. आत एक पाचकळ विनोद आणि कागदी मुकुट असतो. मुकुट घालावाच लागतो. घाम आला की त्याचा रंग उतरतो. पहिल्या वर्षीच्या सगळ्या फोटोंत माझ्या कपाळावर हिरवी पट्टी आहे.

दुपारी एक ते पाच कुणाला बाहेर काढू नका. यूव्ही निर्देशांक, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचं माप, तीन किंवा त्याच्या वर गेला की अंग झाकायचं असा इथला नियम आहे, आणि डिसेंबरच्या दुपारी तो कित्येकदा अकराच्याही वर असतो. सनस्क्रीन बाहेर पडण्याच्या वीस मिनिटं आधी, मग दर दोन तासांनी. समुद्रावर गेलात तर जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पोहा. झेंडे नसतील तर पाण्यात उतरू नका, पाणी कितीही शांत दिसलं तरी.

साडेपाचनंतर अंगणात क्रिकेट. कचऱ्याचा चाकांचा डबा म्हणजे स्टंप. पहिल्या चेंडूवर कुणी आउट नाही, कुंपणापार मारला तर सहा धावा आणि आउट, एक टप्पा एका हातात झेलला तरी आउट. गल्लीत खेळून मोठ्या झालेल्या माणसाला इथे काही शिकावं लागत नाही. सगळ्या दिवसात आमची बाजू वरचढ असते ती एवढीच.

आणि हे सगळं करूनही २०११ सारखं होऊ शकतं. त्या पंचवीसला मेलबर्नमध्ये गारांचा मारा झाला होता. टेबल आत ओढता येईल असं ठेवा.

सव्वीस आणि पुढे

सव्वीसला काही शिजवायचं नाही. टीव्हीवर एमसीजीतली कसोटी, मध्येच सिडनी-होबार्ट शर्यतीच्या शिडांच्या नौका, हातात हॅमचं सँडविच. एकतीसपर्यंत हॅम सगळ्यांना नकोसं होतं. मग राहिलेलं मांस सोडवून लहान पुड्यांत फ्रीझरला टाका, आणि हाडही ठेवा.

आमच्याकडे ते हाड जुलैत बाहेर येतं, वाटाण्याच्या डाळीच्या सूपसाठी. बाहेर दहा अंश, पाऊस, आणि त्याच रविवारी विहीणबाईंची साडेपाच किलोची टर्की. चार तास ओव्हन, शेजारी बटाटे, त्यांच्या आईच्या रीतीप्रमाणे. त्या दिवशी दिवाणखान्यात कुणी बसत नाही, सगळे स्वयंपाकघरात ओव्हनला पाठ लावून उभे असतात.